अडीच टनांचा शौक

जुनी जीप बाळगणं वेगळं आणि जुना लष्करी ट्रक बाळगणं वेगळं. जीप पोर्चमध्ये मावते, वरातीत नवरदेवाला मिरवते, घरच्यांनाही तिचं कौतुक असतं. ट्रक साडेसहा मीटर लांब असतो, रिकामा असतानाच पाच टनांच्या घरात भरतो, त्याला दहा टायर लागतात (स्टेपनी धरली तर अकरा) आणि एका लिटर पेट्रोलमध्ये तो जेमतेम तीन किलोमीटर जातो. तो ठेवायला गोठा नाहीतर गोदाम हवं. कमाई शून्य. तरीही इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड आणि अमेरिकेत असे ट्रक पदरी बाळगणारी, सुट्टीच्या दिवशी त्यांच्या पोटाखाली पाठीवर पडून ग्रीस मारणारी मंडळी काही थोडी नाहीत. त्यांत शेतकरी आहेत, शाळामास्तर आहेत, निवृत्त फिटर आहेत. धनदांडगे तुलनेने कमी. त्यांना फेरारी परवडते.

या मंडळींचा लाडका ट्रक म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन जीएमसी सीसीकेडब्ल्यू. नाव ऐकून दचकायचं कारण नाही, ती कारखान्याची सांकेतिक अक्षरं आहेत. पहिला सी म्हणजे १९४१ सालचा आराखडा, दुसरा सी म्हणजे पुढे बॉनेट आणि मागे केबिन असा नेहमीचा घाट, के म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर, आणि डब्ल्यू म्हणजे मागे जोर असलेले दोन ॲक्सल. एकूण सहाच्या सहा ठिकाणी ओढ. सैनिक त्याला ‘जिमी’ म्हणत, नाहीतर ‘ड्यूस अँड अ हाफ’, कारण त्याची अधिकृत वहनक्षमता अडीच टन होती. इंजिन सहा सिलिंडरचं, २७० घन इंची, म्हणजे सुमारे ४.४ लिटरचं, ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या एखाद्या मध्यम मोटारीतही एवढी असते. हे इंजिन भराभर पळायला नव्हे, दिवसभर ओढायला केलेलं होतं. युद्ध संपेपर्यंत असे ट्रक पाच लाखांहून जास्त निघाले.

अडीच टन हा आकडा खडकाळ, चिखलाच्या वाटेसाठी होता. पक्क्या रस्त्यावर लोक त्यात दुप्पट भरत. १९४४ च्या ऑगस्टमध्ये दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीतून सुटलं ते फ्रान्सभर धावत सुटलं आणि त्याचा दाणागोटा, दारूगोळा, पेट्रोल मागेच राहिलं. रेल्वे तर दोस्तांच्या विमानांनी आधीच बॉम्ब टाकून मोडून ठेवली होती. तेव्हा २५ ऑगस्टला ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ सुरू झाली. सँ-लो गावापासून शार्त्रकडे जाणारा एक रस्ता फक्त जाण्यासाठी आणि दुसरा फक्त येण्यासाठी राखला, इतर वाहतुकीला बंदी केली आणि अहोरात्र ट्रक सोडले. ऐन भरात एका दिवसात सहा हजारांच्या आसपास गाड्या रस्त्यावर होत्या आणि बारा हजार टनांहून जास्त माल पुढे जात होता. १६ नोव्हेंबरला ही सेवा थांबली तोवर अमेरिकन मापाने चार लाखांहून जास्त टन माल पोचला होता. वेगाची मर्यादा ताशी २५ मैल, दोन ट्रकांत साठ यार्डांचं अंतर, असा नियम होता. चालकांनी तो कितपत पाळला याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो: कार्ब्युरेटरवर इंजिनाचे फेरे अडवणारा गव्हर्नर बसवलेला असे आणि तो निकामी कसा करायचा हे बहुतेकांना ठाऊक होतं.

या चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. त्या काळच्या अमेरिकन सैन्यात त्यांच्या तुकड्या वेगळ्या असत, त्यांना लढाईच्या आघाडीवर सहसा घेत नसत, आणि हमाली, बांधकाम, वाहतूक ही कामं त्यांच्या वाट्याला येत. आज मेळाव्यात एखादा शौकीन आपल्या ट्रकच्या बंपरवर अमुक ट्रक कंपनीचा क्रमांक हौसेने रंगवतो. ती कंपनी कोणाची होती, हेही त्याने बघणाऱ्याला सांगावं असं मला वाटतं. बंपरवर अक्षरं बरोबर आणि कथा अर्धी, हे काही खरं जतन नव्हे.

आता प्रश्न असा, की ऐंशी वर्षांपूर्वीचं एवढं धूड एकटादुकटा माणूस घरच्या शेडमध्ये उभं करू शकतो ते कसं? त्याच काळातली एखादी उंची मोटार सुधारायला घेतली तर दिवाळं निघेल. ट्रकचं मात्र जमतं, कारण तो मुळात गावाकडून आलेल्या, पाना कधी हातात न धरलेल्या अठरा-वीस वर्षांच्या पोरांनी दुरुस्त करायचा म्हणून बनवलेला होता. सगळं उघडं, सगळं बोल्टने जोडलेलं, लपवाछपवी नाही. सैन्याने त्याच्या पुस्तिकाही तशाच लिहिल्या. टीएम ९-८०१ ही या ट्रकची तांत्रिक पुस्तिका. रोज काय बघायचं, हजार मैलांनी काय, सहा हजार मैलांनी काय, चाकाचं बेअरिंग किती आवळायचं, सगळं चित्रांसकट. सुट्या भागांच्या यादीचा क्रमांक जी-५०८. हे दोन आकडे या वर्तुळात तोंडपाठ असतात. आळशी सैनिकांना ग्रीसची सवय लागावी म्हणून अमेरिकन सैन्याने ‘आर्मी मोटर्स’ नावाचं नियतकालिक काढलं होतं आणि त्यात विल आइस्नरसारखा नामांकित चित्रकथाकार ‘जो डोप’ या वेंधळ्या शिपायाच्या फजितीची चित्रं काढत असे. तेल न तपासणाऱ्याची टिंगल ही शिस्तीच्या भाषणापेक्षा जास्त लागू पडते, हे त्या सैन्याला बरोबर कळलं होतं.

शिवाय सुटे भाग. पाच लाख ट्रक म्हणजे त्यांच्या मागे डोंगराएवढा साठा. युरोपातल्या गोदामांत मेणकागदात गुंडाळलेली, चिकट संरक्षक ग्रीसमध्ये बुडवलेली बेअरिंगं, गॅस्केटं आणि क्लच प्लेटी कित्येक दशकं पडून होत्या. आता तो साठा आटत चालला आहे, पण रबरी भाग, ताडपत्र्या, पत्रे, लाकडी हौद्याच्या फळ्या नव्याने बनवून विकणारे छोटे कारखाने उभे राहिले आहेत. खरेदी करताना एक गोष्ट मात्र आधी बघावी लागते. या ट्रकांना दोन वेगळ्या घाटांचे ॲक्सल बसवले गेले: एकाला शौकीन ‘स्प्लिट’ म्हणतात, दुसऱ्याला ‘बँजो’. एकाचे भाग दुसऱ्याला बसत नाहीत. हे न बघता स्वस्तात मिळाले म्हणून दुसऱ्याच घाटाचे क्राउन-पिनियन घरी घेऊन आलेला माणूस प्रत्येक मेळाव्यात एखादा तरी भेटतोच.

खरी मजा रंगाला हात घातल्यावर सुरू होते. फ्रान्समध्ये मिळालेला ट्रक वरून कदाचित लाल असतो, कारण कुठल्या तरी गॅरेजने तो बंद पडलेल्या गाड्या ओढायला वापरला. त्याखाली फ्रेंच सैन्याचा हिरवा. त्याखाली अस्तर. त्याच्याही खाली तो निस्तेज, शेवाळी ऑलिव्ह रंग. जाणकार माणूस बॉनेटच्या कडेला ग्राइंडर लावत नाही. बादलीत पाणी घेतो, बारीक पॉलिशपेपर भिजवतो आणि तळहाताएवढ्या जागेवर गोल गोल फिरवत बसतो. एकेक थर ढगासारखा विरळ होत जातो. अचानक पांढरट रेघ दिसते. ती स्टेन्सिलच्या आकड्याची कड असते. अडीच टनी ट्रकांचे सैन्य क्रमांक ४ ने सुरू होत, म्हणून पहिला आकडा ४ निघाला की माणूस श्वास रोखून पुढे घासतो. आधीच्या काळात हे आकडे निळसर रंगात होते, नंतर पांढऱ्यात, त्यामुळे आकड्याच्या रंगावरूनही साल सांगता येतं. पूर्ण क्रमांक हाती लागला की चॅसीच्या दांड्यावर ठोकलेला अनुक्रमांक आणि डॅशबोर्डवरची पितळी पाटी यांच्याशी तो ताडून बघायचा.

आणि इथेच बहुतेक वेळा गाडं अडतं, कारण तिन्ही जुळत नाहीत. युद्धाच्या काळात सैन्याच्या मोठ्या कार्यशाळांत ट्रक जसाच्या तसा दुरुस्त होत नसे. तो पूर्ण सुटा होई. इंजिनं एका रांगेत, गिअरबॉक्स दुसऱ्या, ॲक्सल तिसऱ्या. प्रत्येक भाग धुऊन, तपासून, बदलून पुन्हा जोडणीच्या रांगेत जाई आणि जो हाताशी येईल तो जो समोर येईल त्या चॅसीला लागे. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने हे ट्रक कित्येक दशकं वापरले. पॅरिसला लागून असलेल्या माँत्र्योच्या लष्करी कार्यशाळेत त्यांची अशीच पुनर्बांधणी होत राहिली. म्हणजे बॉनेट एका ट्रकचं, इंजिन दुसऱ्याचं, मागचा हौदा तिसऱ्याचा. १९४२ च्या चॅसीवर १९४४ ची उघडी, ताडपत्रीची केबिन. (सुरुवातीला केबिन पत्र्याची बंद होती, पोलाद आणि जहाजांतली जागा वाचवायची म्हणून पुढे ताडपत्रीची आली.)

मग ‘मूळ रूपात आणणं’ म्हणजे काय? यावरून या लोकांत जेवढे वाद होतात तेवढे राजकारणावरूनही होत नसतील. एक पंथ म्हणतो, कारखान्याच्या दारातून निघाला त्या दिवशीसारखा करा. दुसरा म्हणतो, १९४४ च्या उन्हाळ्यात तो नॉर्मंडीत होता तसा करा. तिसरा, अल्पसंख्य आणि माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक, म्हणतो की फ्रेंच सैन्याची तीस वर्षं खोडून काही महिन्यांचं युद्ध रंगवण्यात काही अर्थ नाही. फ्रेंचांच्या त्या इंडिकेटरच्या दिव्यांसकट, त्या हिरव्या रंगासकट राहू द्या. बाजारात मात्र युद्धातल्या अमेरिकन सैन्याच्या पांढऱ्या चांदणीच्या ट्रकला जास्त पैसे मिळतात. म्हणून इंडिकेटर काढून फेकले जातात, चांदणी रंगवली जाते, नवी छापलेली पितळी पाटी डॅशबोर्डवर बसते. त्या पाटीवर कारखान्यातून सुपूर्द केल्याची तारीख असते आणि ती पाटी विकत घेणारा हवी ती तारीख त्यावर ठोकून घेऊ शकतो. असा ट्रक बघायला जाल तेव्हा पाटीच्या स्क्रूंकडे बघा. ऐंशी वर्षांच्या पत्र्यावर चकाकणारे स्क्रू सहसा खरं सांगून जातात.

चालवण्याचं सांगायचं तर त्यासाठी शरीराला नव्याने शिकवावं लागतं. चोक ओढायचा, बटण दाबायचं नाही, पायाखालचा स्टार्टर दाबायचा. सगळी वीज ६ व्होल्टची, त्यामुळे बॅटरीच्या अर्थच्या तारेखाली थोडा जरी गंज असला तरी इंजिन झोपेत बोलल्यासारखं फिरतं. लोक नवी बॅटरी आणतात. खरं तर सॅंडपेपरने ती जागा घासली की काम होतं. पहिला गिअर इतका सावकाश की रिकामा ट्रक सपाटीवर दुसऱ्यानेच उचलायचा. गिअर पाच, आणि ते बदलायचे डबल क्लचने. वरचा गिअर टाकताना क्लच दाबा, दांडी मधे आणा, क्लच सोडा, क्षणभर थांबा, पुन्हा दाबा आणि टाका. खाली येताना मधे क्लच सोडलेला असताना ॲक्सिलरेटरला नेमका तेवढाच धक्का द्यायचा, की दोन्ही दात्यांचा वेग जुळेल. जमलं तर लोण्यात सुरी. नाही जमलं तर अख्ख्या गावाला कळतं. गिअरच्या दांडीशेजारी आणखी दांड्या: एक हाय-लो साठी, एक पुढचा ॲक्सल जोडायला, विंच असेल तर तिची वेगळी.

पुढचा ॲक्सल जोडायचा तो फक्त चिखलात, वाळूत, ओल्या गवतावर. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधे डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि डांबरावर टायर घसरू शकत नाहीत, तेव्हा तो फरक सगळा शाफ्टांमध्ये पीळ होऊन साठतो. मग दांडी हलता हलत नाही. नवखा माणूस दांडीवर लोंबकळतो. जुना माणूस ट्रक जरासा मागे घेतो आणि दांडी आपोआप सुटते.

ब्रेकबद्दल गंमत नाही. हायड्रॉलिक आहेत, मदतीला इंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर आहे, पण सगळ्या चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर आणि एकच वाहिनी. एक नळी फुटली की पाय थेट फळीला. उतारावर इंजिन बंद पडलं की बूस्टरही गेला. म्हणून उतार लागायच्या आधी गिअर खाली घ्यायचा, उताराच्या मध्यावर नव्हे. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ट्रक महिनोन्‌महिने उभाच असतो, त्यामुळे चाकांचे सिलिंडर आतून गंजतात. ते दर काही वर्षांनी उघडून बघणं हा या छंदातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात गरजेचा भाग.

चाकांचंही तेच. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. ते माहीत नसलेला पैलवान पान्यावर उभा राहून स्टड तोडतो. रिम दोन भागांची, कडीने अडकवलेली. टायरमध्ये हवा असताना ती कडी सुटली तर तोफगोळ्यासारखी उडते; अशाने जगभरच्या टायरवाल्यांचे जीव गेले आहेत. हवा पूर्ण सोडल्याशिवाय हात लावायचा नाही आणि भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचं. या नियमाला अपवाद करणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहू नये.

अलीकडची नवी डोकेदुखी म्हणजे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या फ्युएल पंपाचा रबरी पडदा आणि जुन्या नळ्या त्याने फुगतात, भेगाळतात. पंपाखालच्या काचेच्या वाटीत पाणी साचलेलं दिसतं. इलाज आहे, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे संच मिळतात, पण ते बदलायला हवेत हे पहिल्यांदा रस्त्यात थांबल्यावरच कळतं.

एवढं सगळं करणारी माणसं एकत्र येणारच. ब्रिटनमधली मिलिटरी व्हेइकल ट्रस्ट १९६८ मध्ये सुरू झालेल्या एका छोट्या मंडळातून वाढली. हॉलंडमधला ‘कीप देम रोलिंग’ १९७२ चा. अमेरिकेतली मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन १९७६ ची, आणि तिच्या मासिकाचं नाव अजून ‘आर्मी मोटर्स’च. याच संस्थेने २००९ मध्ये वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जुन्या लष्करी गाड्यांचा ताफा नेला. निमित्त होतं १९१९ च्या लष्करी ताफ्याला नव्वद वर्षं झाल्याचं. तो पहिला ताफा चिखलात रुतत, पूल मोडत ६२ दिवसांनी पोचला होता आणि त्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी सोबत म्हणून होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६ मध्ये त्याने देशभरच्या महामार्गांच्या कायद्यावर सही केली. दर ६ जूनच्या आसपास नॉर्मंडीतल्या सँत-मेर-एग्लीझपासून आरोमांशच्या किनाऱ्यापर्यंतचे अरुंद रस्ते या ट्रकांनी तुंबतात. मागची मोटार कितीही हॉर्न वाजवो, ताफा ताशी पन्नास किलोमीटरच्या वर जात नाही.

हा ट्रक आपल्याकडेही आला होता. आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशच्या डोंगरांतून चीनकडे जो रस्ता अमेरिकनांनी काढला, त्यावरून पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ ला निघाला आणि ११३ गाड्या घेऊन ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. हा रस्ता बांधणाऱ्या अमेरिकन सैनिकांतही बहुसंख्य कृष्णवर्णीयच होते. भारतीय सैन्यात त्याच काळात कॅनडात बनलेले फोर्ड आणि शेव्हरोले ट्रक मोठ्या संख्येने होते; चपटं नाक आणि पुढची काच खालच्या बाजूने आत झुकलेली, म्हणजे उन्हात चमकून विमानाला दिसू नये. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून होता, त्यामुळे शेव्हरोलेच्या इंजिनाला हात लावणारे मिस्त्री इथे होतेच. युद्ध संपल्यावर हे ट्रक ‘मिलिटरी डिस्पोजल’ म्हणून लिलावात निघाले. त्यांच्यावर लाकडी सांगाडे चढले, माणसं बसली, ओंडके चढले, ऊस चढला. युरोपात ट्रक टिकले कारण सैन्याने ते पुढेही नीट सांभाळले. आपल्याकडे ते संपले कारण त्यांचा शेवटच्या बोल्टपर्यंत उपयोग झाला. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आज आपल्याकडच्या शौकिनाला जपण्याजोगा ट्रक म्हणजे शक्तिमान. जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत आणि नंतर तिथल्याच व्हेइकल फॅक्टरीत तो बनला, १९९० च्या दशकापर्यंत. चारही चाकांना ओढ, डिझेल इंजिन, ते गोल खांद्यांचं बॉनेट. देवळाली, अहमदनगर, खडकीच्या रस्त्यांवर वाढलेल्या माणसाला तो आवाज डोळे मिटूनही ओळखता येतो. सैन्याने कंडम केलेले शक्तिमान लिलावात लॉटने जात आणि बहुतेक भंगारवाल्यांनी कापून टाकले. लष्करी पाटीवर बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे साल. पण विक्रीनंतर ती पाटी निघते आणि बरोबर ट्रकच्या वयाचा एक सहज वाचता येणारा पुरावाही जातो.

कायद्याची बाजू शौकिनाला सोयीची नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम आणले: पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. पण ही सवलत दुचाकींना आणि प्रवासी मोटारींच्या वर्गातल्या चारचाकींना आहे. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. जीपवाल्याला रॅलीचा रस्ता मोकळा, ट्रकवाल्याला मात्र फिटनेसच्या हेलपाट्यांसकट सामान्य मालवाहू गाडीचीच वागणूक. त्यामुळे शक्तिमान घ्यायचाच असेल तर बॉनेट उघडण्याआधी कागद मागा: लिलावाची पावती, सैन्याच्या ताब्यातून सुटल्याचा आदेश, आणि आरटीओची नोंद असेल तर तिच्यावरचा चॅसी क्रमांक. तो क्रमांक दांड्यावर स्वतः टॉर्च मारून वाचा, रंगाखाली असेल तर मालकासमोर घासून वाचा. पुढच्या ॲक्सलचे सील गळतात का, ते त्यानंतर.